अनुकूली अध्ययन प्रणाली

अनुकूली अध्ययन प्रणाली : विद्यार्थी कोणत्या इयत्तेत बसतो ते बाजूला ठेवून, त्याला प्रत्यक्ष काय येते ते तपासत त्या पातळीपासून पुढे नेणारी संगणकीय शिकवणी. माध्यमिक वर्गांत मागे पडलेल्या मुलांच्या संदर्भात तिची चर्चा अधिक होते. महाराष्ट्रातले शिक्षक ज्याला ‘स्तरनिश्चिती’ म्हणतात तेच हे काम. मात्र येथे स्तर सत्रातून एकदोनदा नव्हे, तर प्रत्येक उत्तरागणिक ठरतो.

गरज कोठून आली ते आकड्यांत दिसते. ‘असर २०२३’ या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातील ४३.३ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. नववीत बहुपदी शिकवणाऱ्या शिक्षकासमोर भागाकार न येणारी मुले बसलेली असतात आणि अभ्यासक्रम तर वेळेत संपवायचा असतो. ही पाहणी करणाऱ्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने (स्थापना मुंबई, १९९५) प्राथमिक वयाच्या मुलांचे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट पाडण्याची पद्धत रुजवली. तिला संगणक लागत नाही. माध्यमिक वर्गात मात्र एकाच बाकावरच्या दोघांत चार-पाच इयत्तांचे अंतर असू शकते, विषयही पुष्कळ असतात. तेथे असे गट हाताने पाडणे जड जाते.

यंत्राने शिकवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकात आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५०च्या दशकात अध्यापनयंत्रे केली. आजच्या प्रणालींचे वेगळेपण चुकीकडे पाहण्याच्या रीतीत आहे. ३.२७ आणि ३.४ यांतली मोठी संख्या कोणती? २७ हे ४ पेक्षा मोठे म्हणून एक मूल ३.२७ सांगते. (‘तीन पूर्णांक सत्तावीस’ असे घाईने वाचण्याची सवय या चुकीला खतपाणीच घालते.) दुसरे मूल ३.४ सांगते, पण त्याची समजूत अशी, की दशांशचिन्हापुढे अंक जितके जास्त तितकी संख्या लहान, कारण शतांश दशांशाहून लहान असतो. उत्तर बरोबर, कारण चूक. वहीवर बरोबरची खूण पडते आणि गैरसमज तसाच राहतो. त्याच मुलाला ५.७३६ आणि ५.६२ विचारले, की ते ५.६२ मोठी ठरवते. अशा जोड्या नेमक्या क्रमाने विचारून दोन मुलांचे दोन वेगळे गैरसमज पकडणे आणि प्रत्येकाला वेगळा पुढचा प्रश्न देणे, हा या प्रणालीचा गाभा. त्यामागे हजारो प्रश्नांची पेढी लागते, आणि कोणत्या चुकीचा अर्थ काय हे आधी माणसांनीच मुलांशी बोलून शोधलेले असावे लागते. ती मेहनत नसेल, तर उरतो तो पडद्यावरचा स्वाध्याय.

भारतातला सर्वांत बारकाईने अभ्यासलेला प्रयोग दिल्लीचा. अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्ह्ज या संस्थेच्या ‘माइंडस्पार्क’ या अनुकूली प्रणालीच्या केंद्रांत सहावी ते नववीची मुले शाळेबाहेरच्या वेळेत येत. दीड तासातला निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा लहान गटात साहाय्यक शिक्षकाबरोबर जाई. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन या संशोधकांनी २०१५ मध्ये ६१९ मुलांपैकी कोणाला मोफत प्रवेश द्यायचा ते सोडतीने ठरवले. साडेचार महिन्यांत सोडत लागलेली मुले न लागलेल्यांपेक्षा गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप) पुढे गेली, तीही सरासरी हजेरी ५८ टक्के असताना. सोडत न लागलेल्यांपैकी तळाच्या तिसऱ्या हिश्श्यातील मुले त्या काळात शाळेत जात होती, पण त्यांची प्रगती जवळजवळ शून्य होती. प्रवेश मिळालेली कच्ची मुले मात्र हुशार मुलांइतकीच पुढे सरकली.

हे श्रेय संगणकाचे किती? निम्मा वेळ गटात जात असल्याने त्या प्रयोगातून ते वेगळे काढता येत नाही. नुसती उपकरणे वाटून भागत नाही, एवढे पेरूमध्ये दिसले आहे: तेथील ग्रामीण शाळांत मुलांना लॅपटॉप दिले गेले, तरी गणित व भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. अमेरिकेत ‘कॉग्निटिव्ह ट्यूटर’ या बीजगणिताच्या प्रणालीची सात राज्यांत पाहणी झाली. पहिल्या वर्षी परिणाम दिसला नाही. दुसऱ्या वर्षी माध्यमिक शाळांत दिसला. एका वर्षात निकाल मागणाऱ्या शिक्षणखात्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

दिल्लीच्या अहवालातील एक निष्कर्ष तसा कमी सांगितला जातो. तेथील सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेलेले होते. माइंडस्पार्क त्यांना त्यांच्या खऱ्या पातळीवरचे गणित देत होते आणि ते त्यांना येऊ लागले होते. शाळेच्या परीक्षेत हिंदीचे गुण वाढले, गणिताचे मात्र लक्षणीय वाढले नाहीत. नववीच्या प्रश्नपत्रिकेत पाचवीचे गणित विचारत नाहीत. चौथीवरून सहावीवर आलेले मूल तिच्या लेखी आधीही नापास असते आणि नंतरही.