इंटरनॅशनल चॅम्पियन्स कप

युरोपातल्या बड्या फुटबॉल क्लबांना त्यांच्या सुट्टीच्या दिवसांत, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर अशा ठिकाणी नेऊन खेळवलेली मैत्रीपूर्ण स्पर्धा. पुरुषांची स्पर्धा २०१३ ते २०१९ अशी सात वर्षे झाली. मैत्रीपूर्ण म्हणजे इथला निकाल कुठल्याही अधिकृत लीगमध्ये धरला जात नाही, चषक मात्र खराखुरा मिळतो. कोल्हापूरकराच्या गळी ही गोष्ट सहज उतरत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे पेठांतले दोन संघ समोरासमोर आले की सामना केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगचा आहे की एखाद्या चषकाचा, हे कोणी विचारत नाही. हरल्यावर ‘फ्रेंडली होती’ म्हणून पेठेत परतता येत नाही.

अशा चषकांची परंपरा मुळात स्पेनची. ला कोरुन्या शहरातला तेरेसा हेरेरा चषक १९४६ पासून, कादिझचा रामोन दे कारान्सा चषक १९५५ पासून, तर बार्सिलोनाचा जोआन गांपेर चषक १९६६ पासून खेळला जातो. हंगाम सुरू होण्याआधी यजमान गावाने पाहुणे संघ बोलवायचे आणि खेळाचा उत्सव करायचा, अशी ही रीत. कारान्सा चषकाचे एक ऋण आपल्यावरही आहे. १९६२ मध्ये तिथला बार्सिलोना आणि सारागोसा यांच्यातला अंतिम सामना बरोबरीनंतर पेनल्टींवर, म्हणजे गोलरक्षकासमोर आळीपाळीने मारलेल्या फटक्यांवर, निकाली काढला गेला. खेळाच्या अधिकृत नियमांत ही सोय १९७० मध्ये आली. कोल्हापुरात तिला टायब्रेकर म्हणतात आणि त्या पाच-दहा मिनिटांत गॅलरीत कोणी बसलेला नसतो.

हे जुने चषक त्या त्या गावाचे होते, आपल्याकडे महापौर चषक असतो तसे. इंटरनॅशनल चॅम्पियन्स कपला गावच नव्हते. तो रेलेव्हंट स्पोर्ट्स या अमेरिकी कंपनीचा होता आणि कंपनीमागे होते मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल (हातात चेंडू घेऊन खेळतात तो) संघाचे मालक स्टीफन रॉस. पहिले दोन्ही अंतिम सामने त्यांच्याच मायामीतल्या स्टेडियमवर झाले, यात योगायोग शोधायची गरज नाही. २०१३ मध्ये आठ क्लब उतरले. रेआल माद्रिदने चेल्सीला ३-१ असे हरवून पहिला चषक घेतला.

पुढच्या वर्षी स्पर्धेने गर्दीचा उच्चांक गाठला. २ ऑगस्ट २०१४ रोजी मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरमध्ये मँचेस्टर युनायटेड विरुद्ध रेआल माद्रिद या सामन्याला १,०९,३१८ प्रेक्षक होते. अमेरिकेत सॉकरच्या, म्हणजे आपल्या फुटबॉलच्या, सामन्याला त्याआधी एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. युनायटेडने तो सामना जिंकला, अंतिम फेरीत लिव्हरपूललाही ३-१ ने नमवले आणि नव्या प्रशिक्षकाचे, लुई व्हान खालचे, कौतुक सुरू झाले. दोन आठवड्यांनी प्रीमियर लीगच्या पहिल्याच सामन्यात हाच संघ घरच्या मैदानावर स्वान्सीकडून २-१ असा हरला. या चषकाचे वजन किती, ते एवढ्यावरून कळावे.

२०१५ ते २०१७ या काळात स्पर्धा खंडाखंडांत विभागली गेली आणि एका वर्षात एकाहून अधिक चषक दिले जाऊ लागले. तिथेच तिची गंमत पातळ झाली. २०१६ मध्ये बीजिंगला ठरलेला मँचेस्टरच्या दोन संघांचा सामना पाऊस आणि खराब मैदानामुळे रद्द करावा लागला. २०१८ मध्ये टॉटनहॅम आणि २०१९ मध्ये बेनफिका विजेते ठरले. २०२० ची स्पर्धा कोरोनामुळे झालीच नाही. महिलांची स्पर्धा २०१८ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना करेजने फ्रान्सच्या ल्योंला १-० ने हरवले, तर दुसऱ्या वर्षी ल्योंने त्याच फरकाने परतफेड केली.

आपल्याकडे या स्पर्धेतला ज्याची चर्चा झाली असा सामना म्हणजे २९ जुलै २०१७ चा मायामीतला बार्सिलोना-रेआल माद्रिद. भारतात तेव्हा ३० जुलैची पहाट होती. कोल्हापुरात तो पावसाळा, म्हणजे इथलाही हंगाम बंद. वर्ल्डकपच्या वेळी ज्या पेठांत मेस्सी आणि नेमारचे कटआउट उभे राहतात, तिथे दोघेही बार्सिलोनाच्या जर्सीत एकत्र दिसण्याची ती अखेरची संधी ठरली. मेस्सीने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला, नेमारच्या पासवर पिकेने विजयी गोल मारला, बार्सिलोना ३-२ ने जिंकली आणि आठवड्याच्या आत नेमार पॅरिसला गेला. दोन वर्षांनी न्यू जर्सीत आतलेतिको माद्रिदने रेआलला ७-३ असे धुतले. त्यात एकट्या दिएगो कोस्टाचे चार गोल होते. ईर्ष्या असली की ‘मैत्रीपूर्ण’ हा शब्द किती टिकतो, हे त्या सामन्यात दिसले.

फ्रेंडलीवर कंपनीचे समाधान झाले नाही. स्पॅनिश लीगशी करार करून तिने खिरोना-बार्सिलोना हा लीगचा सामनाच जानेवारी २०१९ मध्ये मायामीत नेण्याचा घाट घातला. तो बारगळला. २०२५ मध्ये व्हियारेआल-बार्सिलोना सामन्यासाठी तोच बेत पुन्हा मांडला गेला. खेळाडूंनी सामन्यांच्या सुरुवातीला काही सेकंद जागेवर उभे राहून निषेध केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तोही रद्द झाला.