टिअरड्रॉप कॅम्परची मागील हॅच

टिअरड्रॉप कॅम्पर ही मोटारीमागे ओढायची, पुढून गोलसर आणि मागे निमुळती होत जाणारी लहान ट्रेलर होय. पुढच्या भागात दोघांना झोपण्यापुरती जागा असते. मधल्या आडव्या भिंतीपलीकडे, बाहेर उभे राहून वापरायचे स्वयंपाकघर असते. त्यावरचे वर उघडणारे वक्र झाकण म्हणजे हॅच. बंद असताना ती छप्पर आणि मागची भिंत या दोन्हींचे काम करते, उघडल्यावर स्वयंपाक करणाऱ्याच्या डोक्यावर छत होते. घरी कॅम्पर बांधताना तळ, बाजू व छप्पर सुतारकामाची साधारण माहिती असलेल्यालाही जमतात. हॅच वक्र, हलती आणि पाणी न शिरणारी अशी एकाच वेळी असावी लागते, म्हणून सर्व बांधणीत तीच सर्वांत अवघड ठरते.

उगम : या घाटाची ट्रेलर १९३० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली, याबद्दल फारसे दुमत नाही. ती पहिल्यांदा कोणी बांधली हे मात्र वादग्रस्त आहे. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील लुई रॉजर्स यांचे नाव आद्य निर्माते म्हणून अनेकदा घेतले जाते. दुसऱ्या मतानुसार ही रचना एका व्यक्तीची नसून, हौशी कारागिरांसाठीच्या नियतकालिकांतील आराखड्यांमधून अनेक ठिकाणी जवळपास एकाच वेळी आकाराला आली. वस्तूची घडण पाहता हे दुसरे मत अधिक संभवनीय वाटते. वाऱ्याला कमी अडथळा करणाऱ्या घाटाची ओढ त्या काळी सर्वत्र होती. १९३४ ची क्रायस्लर एअरफ्लो मोटार हे तिचे ठळक उदाहरण. त्याच वर्षाच्या सुमारास वॉशिंग्टन राज्यातील रसायनतज्ज्ञ जेम्स नेव्हिन यांनी प्लायवूडसाठी पाण्याला टिकणारा डिंक तयार केला आणि उघड्यावर वापरता येण्याजोगे प्लायवूड मिळू लागले. जुन्या कॅम्परची रुंदी पुष्कळदा ४ फूट आणि लांबी ८ फूट आढळते, म्हणजे प्लायवूडच्या एका पूर्ण तक्त्याएवढी. यावरून प्लायवूडची वक्र हॅच १९३० च्या दशकाच्या मध्याआधीची नसावी, असे अनुमान निघते. मात्र लाकडाचे तंतू दाबून बनवलेला मॅसोनाइटचा तक्ता १९२० च्या दशकापासून उपलब्ध होता आणि तोही वाकतो. त्यामुळे हे अनुमान निर्णायक मानता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमचा पत्रा पुन्हा सहज मिळू लागला आणि हॅचवर तो चढवण्याची पद्धत पसरली. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने सप्टेंबर १९४७ मध्ये छापलेल्या आराखड्यावरून पुढे घरोघरी बांधणी झाली. १९५० च्या दशकात मोठ्या ट्रेलर आल्यावर हा प्रकार मागे पडला आणि १९९० नंतर हौशी बांधणाऱ्यांमुळे पुन्हा वर आला.

सांगाडा : हॅचचा सांगाडा वक्र फासळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या यांचा असतो. फासळ्या बहुधा १८ मिमी प्लायवूडमधून ४० ते ५० मिमी रुंदीच्या कापतात. त्यांची रेषा कागदावरच्या आराखड्यावरून न घेता, प्रत्यक्ष उभ्या केलेल्या बाजूच्या भिंतीवरून उतरवावी आणि आवरणाच्या जाडीइतकी आत घ्यावी. दोन्ही भिंती कापताना थोडा फरक पडलेला असतोच, म्हणून डाव्या व उजव्या फासळीचे माप वेगवेगळे घेणे श्रेयस्कर. पट्ट्यांसाठी फासळीत खोल खाचा पाडल्या, तर ती नेमकी तिथेच दुबळी होते. पट्ट्या फासळ्यांच्या मध्ये बसवून डिंक व स्क्रूने जोडणे अधिक भरवशाचे आहे. बिजागरीजवळची आणि खालच्या कडेची पट्टी भरीव लाकडाची हवी, कारण स्क्रूंचा सगळा ताण तिथे येतो.

वक्र सुटण्याचा दोष : सांगाड्यावर ३ ते ५ मिमी जाडीचे प्लायवूड वाकवून चिकटवतात. वरच्या पापुद्र्याचे तंतू वाकण्याच्या दिशेला आडवे ठेवल्यास ते सहज वाकते. पण वाकवलेले लाकूड सरळ होऊ पाहते आणि बांधलेले पट्टे सोडताच फासळ्यांनाही बाहेर ओढते. परिणामी वर बिजागरीशी अचूक बसलेली हॅच खालच्या कडेला उघडी राहते.

यावर तीन उपाय प्रचारात आहेत. पहिला म्हणजे साच्याचा वक्र हवा त्यापेक्षा घट्ट ठेवणे. पण किती घट्ट, हे प्लायवूडच्या जातीनुसार बदलत असल्याने हा उपाय अंदाजाचाच राहतो. दुसरा म्हणजे फासळ्या एका तक्त्यातून न कापता पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून साच्यात वाकवणे. नावा बांधणाऱ्यांच्या ठोकताळ्यानुसार, सारख्या जाडीच्या थरांची संख्या n मानली, तर वक्राचा सुमारे १/n² इतका भाग परत सुटतो. दोन थरांत चौथा हिस्सा, चार थरांत सोळावा. तिसऱ्या उपायात बाहेरचे आणि आतले अशी दोन्ही आवरणे सांगाड्याला चिकटवतात व दोन्हींचा डिंक पूर्ण वाळेपर्यंत काहीही सोडत नाहीत. मग दोन आवरणे व मधला सांगाडा मिळून एक पोकळ पेटी तयार होते. सरळ व्हायचे तर दोन्ही आवरणांना एकमेकांवरून सरकावे लागते आणि डिंक ते होऊ देत नाही.

तिसरा उपाय सर्वांत खात्रीचा, त्यातही हॅच वेगळ्या साच्यावर न बांधता कॅम्परच्या अंगावरच बांधली तर. भिंतींमधला बारीकसारीक पीळही मग हॅचमध्ये आपोआप उतरतो आणि ती आपल्या जागी बरोबर बसते. अडचण एवढीच की आतले आवरण स्वयंपाकघराच्या बाजूने, अडचणीत वाकून लावावे लागते. म्हणून कपाटे त्यानंतर बसवावीत. पोकळीत फोमचे तक्ते भरतात. आतून-बाहेरून सारखा रंग किंवा वॉर्निश द्यावा. एकच बाजू रंगवली तर दमटपणाने हॅच मुरडते.

बिजागरी आणि पाणी : सलग पियानो बिजागरी स्वस्त, पण तिच्या सांध्यातून पाणी झिरपते. त्यावर रबराची किंवा विनाइलची पट्टी लावावी लागते. हरिकेन हिंज या प्रकारात ॲल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या एकमेकींत अडकतात आणि वरच्या पट्टीची कड सांध्यावर येत असल्याने पाणी वरून निघून जाते. ती कुशीतून सरकवून बसवतात, म्हणून एका बाजूला तेवढी मोकळी जागा लागते. छप्पर आडव्या दिशेनेही फुगीर असेल, तर कोणतीच सलग बिजागरी चालत नाही. तिचा अक्ष सरळच हवा. बिजागरीच्या जागी छपराला मागे उतार असावा आणि तिच्याखाली ब्यूटाइल टेप (पाणी रोखणारी चिकट रबरी पट्टी) असावी.

बाजूच्या कडांवर हॅच भिंतींवर टेकते किंवा भिंतींच्या मध्ये बसते. मध्ये बसणाऱ्या रचनेत दोन्ही बाजूंना सुमारे ३ मिमी फट आणि तिच्या आत पाणी खाली नेणारी पन्हळ ठेवतात. नुसत्या रबरावर विसंबणे योग्य नाही. बाहेरचे रबर पाण्याचा जोर मोडते, पन्हळ आत आलेले पाणी वाहून नेते आणि आतले पोकळ रबर फक्त उरलेला दमटपणा अडवते. पन्हळीचे तोंड खाली उघडे असलेच पाहिजे. धूळ मात्र वेगळ्या कारणाने शिरते. चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि रस्त्यावरची धूळ तिथे घुमत राहते, म्हणून खालच्या कडेचे रबर सर्वांत घट्ट दाबले जाईल असे पाहतात.

आधार : जुन्या कॅम्परमध्ये लाकडी किंवा लोखंडी काठीचा टेकू असे. आता गॅस स्ट्रट, म्हणजे दाबलेला वायू भरलेल्या नळीचे आधारदांडे, वापरतात. त्यांचा जोर परिबलावरून (बल गुणिले बिजागरीपासूनचे लंबांतर) काढता येतो. समजा हॅच २० किलो वजनाची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या समपातळीत आला असताना तिच्यापासून ०.५ मीटर दूर आहे. भाराचे परिबल सुमारे ९८ न्यूटन-मीटर होते. त्या स्थितीत स्ट्रटच्या रेषेचे बिजागरीपासून लंबांतर ०.१५ मीटर असेल, तर दोनपैकी प्रत्येक स्ट्रटला सुमारे ३३० न्यूटन जोर लागतो. तापमान २० वरून ० अंश सेल्सिअसवर गेल्यास वायूचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी घटतो, म्हणून थोडा जास्त जोर धरतात.

फार जोरदार स्ट्रट ही मात्र नेहमीची चूक. बंद हॅचलाही ते सतत बाहेर ढकलतात आणि काही महिन्यांत, मोठ्या खटपटीने साधलेला वक्र उलगडू लागतो. ते टाळण्यासाठी बंद स्थितीत स्ट्रटची रेषा बिजागरीच्या जवळून जाईल अशी टोके निवडावीत. बंद असताना स्ट्रटचा दांडा खालच्या बाजूस असावा, म्हणजे आतले तेल त्याच्या सीलवर राहते.

कडी आणि दिवे : मध्यभागी एकच कडी लावल्यास खालचे कोपरे उचलले जातात, म्हणून दोन्ही टोकांना दाबून बसणाऱ्या कड्या बऱ्या. मागचे दिवे व नंबरप्लेट हॅचवर न लावता तिच्याखालच्या स्थिर पट्टीवर लावल्यास बिजागरीपाशी तारा वारंवार दुमडत नाहीत आणि हॅच उघडी असतानाही दिवे दिसतात.

बाह्य आवरण म्हणून ॲल्युमिनियमचा पत्रा, काचतंतू व इपॉक्सी, किंवा पाण्याला टिकणाऱ्या डिंकात भिजवून चिकटवलेले व वरून रंगवलेले कॅनव्हास वापरतात. वक्र काम टाळायचे असल्यास काही जण मागची बाजू सपाट ठेवून हॅच दोन सरळ फळ्यांची करतात, किंवा तिच्याऐवजी बाजूला उघडणारी दोन दारे लावतात. तशा दारांमुळे डोक्यावरचे छत मात्र मिळत नाही.