वरची दाढ काढली म्हणून नजर जात नाही

"वरची दाढ काढू नकोस, डोळ्यावर येईल!" असं घरात कुणी ना कुणी सांगतंच. माया खरी, माहिती चुकीची. दाताची कळ पाचव्या कपाल-नसेतून (म्हणजे थेट मेंदूला जोडलेल्या नसांपैकी पाचवीतून) मेंदूकडे जाते; दिसतं ते त्यांतल्या क्रमांक दोनच्या नसेमुळे. दोन्हींच्या वाटा वेगळ्या. क्वचित भुलीच्या इंजेक्शनाने थोडा वेळ दोन-दोन दिसतं, भूल उतरली की तेही जातं. मग समज टिकला कसा? पुष्कळांच्या दाढा चाळिशीनंतर काढाव्या लागतात आणि जवळचा चष्माही त्याच वयात लागतो, एवढंच.

डोळ्याला खरा धोका किडका दात तसाच ठेवण्यात आहे. वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला की सूज नाकाशेजारून वर चढते. सकाळी उठावं तर खालची पापणी फुगून डोळा अर्धा मिटलेला. तिथून संसर्ग शिरांवाटे मेंदूपर्यंतही पोचू शकतो. अशा गालाला गरम शेक देऊ नका, दाढेत तंबाखू किंवा मिश्री दाबू नका. सुजेसोबत ताप असेल, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा.