किल्ला वाहून गेलाच नाही

बाल्टिक समुद्राकाठच्या, एस्टोनियातल्या पार्नूच्या पुळणीवर माझ्या लेकीनं पहिल्याच दिवशी वाळूचा किल्ला बांधला, पाण्यापासून जेमतेम दोन हातांवर. माझं लहानपण अलिबागकडचं, त्यामुळे मी जाणत्या माणसाच्या थाटात सांगून टाकलं, "इथे नको बांधूस, भरती आली की जाईल." जुलैतली पौर्णिमा होती, म्हणजे उधाण ठरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर किल्ला बुरुजांसकट उभा. लेकीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यातून हा लेख निघाला आहे.

आपल्याकडे भरतीचा हिशेब पंचांगातून होतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला साधारण तीन वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर हे गणित यायलाच हवं. पार्नूत ते कोणालाच लागत नाही. बाल्टिक समुद्रात भरती-ओहोटी आहे, पण बहुतेक ठिकाणी काही सेंटिमीटरच. लाटेच्या वरखालीत ती दिसतही नाही.

का नाही? "चंद्र पाणी वर उचलतो" असं आपण शाळेत शिकलो. गडबड तिथेच आहे. चंद्र काहीही उचलत नाही. भरती घडवणारं त्याचं बळ, म्हणजे पृथ्वीवर वेगवेगळ्या जागी लागणाऱ्या त्याच्या ओढीतला फरक, पृथ्वीच्या गुरुत्वाच्या साधारण एक कोटीव्या भागाइतकं आहे. चंद्र अगदी डोक्यावर आला तरी 60 किलोच्या माणसाचं वजन त्यामुळे 6-7 मिलिग्रॅमनं घटतं, तांदळाच्या एका दाण्याच्या पाव-तिसऱ्या हिश्श्यानं. एवढ्याशा बळानं समुद्र उचलला जाणार नाही.

पण हे बळ आडवंही लागतं, आणि खरी कमाल या आडव्या ओढ्याची आहे. आडव्या दिशेनं पृथ्वीचं गुरुत्व पाण्याला धरून ठेवत नाही, म्हणून इवलासा ओढाही पाण्याला सरकवतो. पाणी एका बाजूला जमू लागतं, पृष्ठभागाला उतार येतो, आणि उतारावरून परत येऊ पाहणारं पाणी व चंद्राचा ओढा यांचा तोल जुळतो. हा उतार किती? जास्तीत जास्त 1000 किलोमीटरला 8 सेंटिमीटर! ओढ्याचं पृथ्वीच्या गुरुत्वाशी जे गुणोत्तर, तोच उतार. इतकं सरळ गणित आहे. आता बाल्टिकच्याच रीगाच्या आखातासारखं दीडेकशे किलोमीटरचं भांडं घ्या. एका टोकाचा दुसऱ्या टोकाशी फरक सेंटिमीटरभर. पार्नू याच आखाताच्या ईशान्य कोपऱ्यात आहे.

मग मुंबईला उधाणात चार-पाच मीटरचा फरक पडतो तो कसा? ती मुंबईची स्वतःची भरती नव्हे. ती महासागरात हजारो किलोमीटरच्या पटांगणावर तयार झालेली लाट आहे. अशा लांबच लांब लाटेचा वेग म्हणजे खोली गुणिले गुरुत्वत्वरण, त्याचं वर्गमूळ. चार किलोमीटर खोल पाण्यात तो ताशी 700 किलोमीटरच्या आसपास जातो. ही लाट किनाऱ्यालगतच्या उथळ, रुंद समुद्रतळावर आली की मंदावते आणि उंचावते. पुढे खंभातच्या निमुळत्या आखातात तर भावनगरला दहा मीटरच्या घरात पोचते. भरती ही आयात करावी लागते, आणि त्यासाठी दार मोठं लागतं.

बाल्टिकचं दार म्हणजे डेन्मार्क-स्वीडनमधल्या चिंचोळ्या सामुद्रधुन्या. डेन्मार्कमधल्या एल्सिनोरपाशी पलीकडचा स्वीडन फक्त चार किलोमीटरवर आहे. कोपनहेगनच्या दक्षिणेला याच सामुद्रधुनीचा उंबरठा जेमतेम आठ मीटर खोल. समजा या सगळ्या दारांमधून सेकंदाला एक लाख घनमीटर पाणी आत घुसलं. भरतीला सहा तास मिळतात. तेवढ्यात आलेलं पाणी चार लाख चौरस किलोमीटरच्या समुद्रावर पसरलं तर पातळी अर्धा सेंटिमीटर वाढेल. तेवढ्यात ओहोटी सुरू! गळक्या नळाखाली हौद भरण्यातला प्रकार.

त्याच दारामुळे लेकीला आणखी एक गोष्ट खटकली. समुद्राचं पाणी खारट नव्हतं. नद्यांचं गोडं पाणी आत साठतं, महासागराचं खारं मोजूनमापून येतं. किलोभर पाण्यात आपल्याकडे 35-36 ग्रॅम मीठ, पार्नूजवळ पाच-सहा. पुळणीला लागूनच समुद्रात बोरू उगवलेला दिसतो, त्याचं कारण हेच.

आता व्हॉट्सॲपवरचा तो संदेश. "समुद्राला भरती येते, शरीरात 70 टक्के पाणी, म्हणून पौर्णिमेला मन अस्वस्थ होतं." अहो, दीड हजार किलोमीटर लांबीचा अख्खा समुद्र पौर्णिमेला जागचा हलत नाही, तुमच्या साडेपाच फुटांत काय हलणार? भरती येते ती ओढ्यामुळे नव्हे, ओढ्यातल्या फरकामुळे. आणि डोकं व पाय यांच्यातला हा फरक वर सांगितलेल्या कोटीव्या भागाहून लाखो पटींनी कमी आहे. पौर्णिमेला झोप लागत नसेल तर पडदा ओढून बघावा.

म्हणजे पार्नूत पाणी चढतच नाही, असं मात्र नाही. 9 जानेवारी 2005 ला ते नेहमीपेक्षा 275 सेंटिमीटर वर आलं आणि शहरात शिरलं. काम वाऱ्याचं. आधीचे कित्येक दिवस पश्चिमेच्या वाऱ्यांनी दारातून पाणी आत लोटून बाल्टिक भरून ठेवला होता. मग वादळात हवेचा दाब घसरला; एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी एक सेंटिमीटर चढतं. वर नैर्ऋत्येचा वारा थेट पार्नूच्या उपसागराच्या तोंडात. वारा पाणी किती साठवतो ते खोलीवर अवलंबून असतं. खोल समुद्रात ते तळाशी परतीची वाट काढतं, उथळ पाण्यात ती वाट अरुंद होते आणि पाणी किनाऱ्यावर ढीग घालतं. पार्नूत पोरं शंभर पावलं आत गेली तरी पाणी गुडघ्याच्या फारसं वर येत नाही. आईबाप निवांत बसतात, ते ज्या उथळपणाच्या जिवावर, त्यानंच हिवाळ्यात शहर बुडवलं.

पाचव्या दिवशी सकाळी नैर्ऋत्येचा वारा सुटला. घरमालकीणबाईंनी खिडकीतून झाडांचे शेंडे पाहिले आणि आज पाणी पुढे येईल म्हणाल्या. दुपारी लेकीचा किल्ला गेला. तिथी चतुर्थी होती.