चीनमधला कायद्याचा जुना वाद

इ.स.पू. 536 मध्ये चंग राज्याचा मंत्री झिचान याने शिक्षांचे नियम धातूत ओतवून सर्वांसमोर मांडले. शेजारच्या जिन राज्यातल्या शूश्यांगने त्याला खरमरीत पत्र धाडलं: कायदा काय आहे हे लोकांना कळलं, की ते वरिष्ठांना जुमानणार नाहीत, अक्षरांचा कीस पाडत बसतील. झिचानने नम्रपणे कळवलं, की नातवंडांपर्यंतचा विचार करण्याइतकी आपली कुवत नाही, आपल्याला आजचं जग सावरायचं आहे. पुढच्या तीनशे वर्षांच्या वादाचं बीज या पत्रव्यवहारात आहे.

कन्फ्युशियसचा कल शूश्यांगकडे. शिक्षेच्या धाकाने लोक गुन्हा टाळतील, पण त्यांना लाज वाटणार नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्या परंपरेतल्या मेन्शियसने त्याला मानवी स्वभावाचा आधार दिला: विहिरीत पडू पाहणारं मूल दिसलं की कुणाचंही काळीज हलतं. त्याच परंपरेतल्या शुन्झीला हे पटलं नाही. स्वभाव मुळात वाईट, चांगुलपणा शिकवून अंगी बाणवावा लागतो, असं तो म्हणे. त्याचेच दोन शिष्य, हान फेई आणि ली स, पुढे कायदावादाचे, म्हणजे राज्य कडक कायद्याने चालवावं या विचाराचे, मोठे आधार ठरले.

कायदावाद्यांना ‘माणूस वाईट मानणारे’ म्हणून निकालात काढतात, ते मला अपुरं वाटतं. हान फेईचा मुद्दा राज्यकारभाराचा होता. आपोआप सरळ वाढलेल्या काडीची वाट पाहत बसलं तर शंभर पिढ्यांत एकही बाण होणार नाही, असं तो लिहितो. सज्जन माणसं असतात, पण थोडी; राज्य मात्र सगळ्यांचं चालवायचं असतं.

कायद्याने राज्य चालवणं छिन नावाच्या राज्यात आधीच सुरू झालं होतं. इ.स.पू. चौथ्या शतकात तिथल्या शांग यांग या मंत्र्याने पाच-पाच, दहा-दहा घरांचे गट बांधले आणि एकाच्या गुन्ह्याची जबाबदारी गटावर टाकली. युवराजाने कायदा मोडला तेव्हा शिक्षा त्याच्या गुरूंना झाली. तोच युवराज गादीवर आल्यावर, इ.स.पू. 338 मध्ये, शांग यांगचा अंत झाला. कायदे मात्र राहिले, आणि इ.स.पू. 221 मध्ये त्याच राज्याने सगळा देश जिंकला.

हा कारभार आतून कसा होता ते 1975 मध्ये हुबेई प्रांतातल्या शुइहूदी इथे, एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या थडग्यात सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांवरून कळतं. वेळेवर पाऊस पडला तर किती शेताला लाभ झाला ते लेखी कळवायचं. नांगराच्या बैलाचा घेर कमी भरला, तर जबाबदार माणसाला दर इंचामागे दहा फटके. त्याच पट्ट्यांत मारहाण न करता सत्य काढणारा तपास उत्तम ठरवला आहे. निव्वळ क्रौर्याच्या चित्रात हे वाक्य बसत नाही.

इ.स.पू. 206 मध्ये छिन घराणं कोसळलं. त्यानंतर आलेल्या हान घराण्याच्या राजांनी त्याची निंदा केली, पण त्याच्या कायद्याचा बराच भाग तसाच चालवला. कन्फ्युशियसचा विचार त्यात हळूहळू मुरत गेला. इ.स. 653 च्या, थांग घराण्याच्या काळातल्या कायद्याच्या संहितेत तर शिक्षा नात्यावर ठरते: मुलाने बापाचा जीव घेतला तर अत्यंत कठोर, बापाने मुलाचा घेतला तर सौम्य.