एक जिना चढून दम लागला, तर किती टक्के?

हार्ट किती टक्के बिघडलंय असं कुठलाच डॉक्टर सांगत नाही. अमुक धमनीत ब्लॉकेज आहे, स्टेंट टाकलाय, पंपिंग एवढं आहे असं सांगतात. पण अमेरिकेत माजी सैनिकांना भरपाई देणारं जे खातं आहे, डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स, सगळे त्याला व्हीए म्हणतात, त्यांना टक्के लागतात कारण दर महिन्याला मिळणारी रक्कम त्यावरच ठरते. आणि हृदयाच्या बहुतेक आजारांसाठी टप्पे चारच, 10, 30, 60 आणि 100, मधलं काही नाही.

हे टक्के मोजतात मेटमध्ये, आणि मला या सगळ्यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो हा मेट. स्वस्थ बसलेला माणूस वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला साधारण 3.5 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, तो झाला 1 मेट. 5 मेटचं काम म्हणजे बसल्यापेक्षा पाचपट ऑक्सिजन, आणि तो स्नायूंपर्यंत पोचवायचा तर हृदयाला तेवढं जास्त रक्त ढकलावं लागतं, जिथे ते कमी पडतं तिथे धाप लागते, छातीत दुखतं, चक्कर येते. व्हीए हेच बघतं की हे कितव्या मेटला होतं. 3 किंवा त्याच्या आत झालं तर 100 टक्के, 3.1 ते 5 मध्ये 60, 5.1 ते 7 मध्ये 30, 7.1 ते 10 मध्ये 10. रोजची गोळी चालू असेल तर निदान 10 तरी मिळतातच, आणि इकोमध्ये हृदयाची भिंत जाड झालेली किंवा कप्पा मोठा झालेला दिसला तर मेट न बघताही 30.

आता मेट मोजायचा सरळ रस्ता म्हणजे ट्रेडमिल, दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ वाढवत नेतात. पण ज्याचं हार्ट खरंच खराब आहे त्याला पळवणं धोक्याचं, म्हणून नियमातच सोय आहे की डॉक्टरने अंदाज केला तरी चालेल, फक्त उदाहरणं द्यायची, आणि नियमाने दिलेली उदाहरणं म्हणजे हळू जिना चढणं, फावड्याने बर्फ उपसणं! मग तपासणीचा डॉक्टर विचारतो, कपडे घालताना दम लागतो का, अंघोळ करताना? हो म्हटलं तर 1 ते 3 मेट. झपझप चालताना? 3 ते 5. एक जिना चढताना? 5 ते 7, म्हणजे वरच्या प्रश्नाचं उत्तर 30 टक्के.

इथेच लोक फसतात. आयुष्यभर 'जमतं की' म्हणायची सवय असलेला माणूस तपासणीतही जमतं की म्हणतो, जिना चढतो पण मध्ये दोनदा थांबतो हे सांगतच नाही, आणि कागदावर थांबणं येत नाही, चढणं येतं. उलटही होतं, गुडघे गेलेत, फुप्फुसं खराब आहेत, मग दम कशामुळे लागला? फॉर्ममध्ये डॉक्टरला हे वेगळं करून सांगावं लागतं, आणि वेगळं करताच येत नसेल तर फायदा सैनिकाला द्यायचा असं अपिलाच्या कोर्टाने 1998 मध्येच म्हटलंय.

2021 च्या नोव्हेंबरपर्यंत इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतो तो आकडा, तोही चालायचा, 30 च्या खाली गेला की थेट 100 टक्के रेटिंग. नव्या नियमांत तो काढून टाकला. मला स्वतःला हे अर्धवट पटतं. ताठर झालेल्या हृदयात हा आकडा नॉर्मल दिसतो आणि माणूस तरी धापा टाकतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर भरोसा नकोच, पण तो मशीनवर मोजलेला तरी असायचा, आता पुष्कळदा सगळा भार 'दम कधी लागतो' या प्रश्नाच्या उत्तरावर येतो.

टक्क्यांच्या आधीची लढाई मात्र कारणाची. हा आजार सैन्यातल्या नोकरीमुळे झाला हे दाखवायचं कसं? कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली, 1953 मध्ये ते छापून आलं, सरासरी वय 22 आणि 77 टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. म्हणजे साठीत येणारा अटॅक विशीतच सुरू झालेला असतो, आणि त्या 40 वर्षांत सिगारेट, शुगर, वय, घराणं सगळंच येऊन जातं. एका माणसाच्या बाबतीत नेमकं कारण विज्ञान सांगूच शकत नाही, ते गटांबद्दल बोलतं.

म्हणून कायद्याने दोन पळवाटा काढल्यात, पळवाट म्हणतोय पण चांगल्या अर्थाने. एक, पुरावा दोन्ही बाजूंनी सारखाच असेल तर कौल सैनिकाला, त्यामुळे डॉक्टरच्या पत्रात 'निदान 50 टक्के शक्यता' अशा अर्थाचं यावं लागतं, नुसतं 'असू शकतं' चालत नाही. दुसरी म्हणजे गृहीत धरणं, ठरावीक आजारांची यादी असते आणि त्यांचं कारण नोकरीच असं धरून चालतात. व्हिएतनाममध्ये जंगलाची पानं गळवायला एजंट ऑरेंज नावाचं रसायन फवारलं, त्यात डायॉक्सिन होतं जे चरबीत साठतं आणि शरीरातून अर्धं जायलाच 7 ते 11 वर्षं घेतं. संशोधनात संबंधाचा मर्यादित पुरावा दिसला आणि 31 ऑगस्ट 2010 पासून इस्केमिक हार्ट डिसीज, म्हणजे रक्तपुरवठा कमी पडून होणारा आजार, यादीत आला. व्हिएतनामला गेला होतात आणि हा आजार आहे, बस, कारण सिद्ध करायची गरज नाही.

पण यादीत शब्द नेमके आहेत. ठोके अनियमित होतात ते एट्रियल फिब्रिलेशन त्यात नाही, झडपेचा आजार नाही, आणि ब्लड प्रेशर तर त्या नियमात स्पष्ट वगळलं होतं, ते यादीत यायला पॅक्ट नावाचा वेगळा कायदा लागला, 2022 मध्ये. बरेच क्लेम याच्यावरच पडतात. मग दुसऱ्या दाराने यावं लागतं, आधी मान्य झालेल्या आजारामुळे हा झाला असं, उदाहरणार्थ डायबेटीसमुळे हार्ट. यातलं सगळ्यात अजब म्हणजे गुडघ्याला किंवा त्याच्या वर पाय कापावा लागलेला असेल आणि नंतर इस्केमिक हार्ट डिसीज झाला तर तोही त्या पायामुळेच झाला असं नियम धरतो.

क्लेम नाकारला तर 2019 च्या फेब्रुवारीपासून तीन रस्ते आहेत. नवा आणि संबंधित पुरावा देऊन सप्लिमेंटल क्लेम, वरच्या अधिकाऱ्याकडून हायर लेव्हल रिव्ह्यू, किंवा व्हीएच्या अपील बोर्डाकडे अपील. एका वर्षाच्या आत गेलं तर मूळ तारीख टिकते, म्हणजे जिंकल्यावर मागचे पैसेही मिळतात. चूक होते ती रस्ता निवडताना. समजा गप्पांवरून 5 ते 7 मेट लिहिले आणि 30 टक्के आले, नंतर स्वतःच्या कार्डिओलॉजिस्टने ट्रेडमिलवर 4.5 काढले, हा रिपोर्ट घेऊन हायर लेव्हल रिव्ह्यूला गेलात तर तो कोणी उघडूनही बघणार नाही कारण तिथे नवा कागद चालतच नाही, तोच रिपोर्ट सप्लिमेंटल क्लेमला जोडला तर 60 ची केस आहे.