ती खोड नव्हे

आठ वर्षांचा मुलगा जेवायला बसलाय. दर दोन घासांनी डोळे गच्च मिटतो, मध्येच मान झटकतो. आजी म्हणते, “ही खोड आत्ताच मोडायला हवी.” आजीच्या काळजीबद्दल शंका नाही, पण शब्द चुकला, आणि त्यापायी मुलाला रोज बोलणी बसतात.

आपल्याकडे अशा गोष्टींना शब्द भरपूर आहेत, आणि त्यांचा नेमकेपणा मला फार आवडतो. सवय लागते, तशी लावताही येते. चाळा हातांना लागतो: शर्टाचं बटण फिरवत राहणं, पेनचं टोपण उघड-बंद करणं. लकब मुद्दाम लावून घ्यावी लागत नाही. तिच्यावरून माणूस पाठमोराही ओळखू येतो. खोड म्हटलं की मात्र तक्रार आलीच. ती मोडायचीच असते.

सवयीची घडण संशोधकांनी बरीच उलगडली आहे. तेच काम त्याच प्रसंगी पुन्हापुन्हा केलं की मेंदूत खोलवर असलेला बेसल गँग्लिया हा भाग ते सांभाळू लागतो. मग विचार करावा लागत नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगितली, उदाहरणार्थ जेवणासोबत पेलाभर पाणी पिणं. ती अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मधला आकडा आला ६६ दिवस, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत बदलत होता. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे त्यामुळे विसरलेलं बरं.

त्या मुलाचं डोळे मिटणं यातलं काहीच नसावं. डॉक्टर त्याला ‘टिक’ म्हणतात, म्हणजे ठरवून न केलेली, अचानक होणारी आणि पुन्हापुन्हा येणारी हालचाल. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही, म्हणून ते ‘खोड’मध्ये ढकललं जातं. टिक येण्याआधी बऱ्याचदा आत उबळ दाटते, शिंकेसारखी. थोडा वेळ दाबता येते, कायमची नाही. ताण वाढला की टिकही वाढते, म्हणजे जेवताना मुलावर रागावून उलटाच परिणाम होतो. बहुतेकदा ती पाच-सहाव्या वर्षाच्या आसपास दिसू लागते, दहा-बाराव्या वर्षी जोरात असते आणि पुढे पुष्कळ मुलांमध्ये ओसरते.

त्रास फार असेल तर उपचार आहेत. १९७३मध्ये ॲझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. मूल आधी उबळ ओळखायला शिकतं. मान झटकावीशी वाटली की हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलकेच ताठ धरायचे, उबळ ओसरेपर्यंत.